वजूखान्यातला नळ आणि सूरह मुल्कची शेवटची आयत

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आपल्या नाशिकच्या वडाळ्याकडे दर रविवारी दीनियातचा (धर्मशिक्षणाचा) वर्ग घेता, 9 ते 13 वयाची तीसेक मुलं येतात आणि पर्यावरणावरच्या आयती (कुरआनमधली वचनं) आणि हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या, कृतींच्या नोंदी) यांची एक ‘पक्की यादी’ तुम्हाला हवी आहे. शेवटी सहज म्हणून तुम्ही लिहिलंय की वीस आयतींचा तक्ता भिंतीवर आधीच आहे, मुलांना तो तोंडपाठ आहे, तरी वर्ग सुटला की वजूखान्यातले (नमाजआधी हात-तोंड-पाय धुतात, म्हणजे वजू करतात, त्या जागेतले) नळ धो धो वाहत असतात आणि अंगणभर वेफर्सची पाकिटं. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न तो सहज लिहिलेलाच आहे. विसाच्या तीस आयती केल्या म्हणून नळ बंद होणार नाही.

मी जुन्या नाशकात 22 वर्षं शिकवतेय. सकाळी शाळेत परिसर अभ्यास आणि विज्ञान, मगरिबनंतर (संध्याकाळच्या नमाजनंतर) मकतबमध्ये (कुरआनच्या वर्गात) लहान मुलं. दोन्हीकडे मी आपाच. पहिली काही वर्षं मीही तक्ते रंगवले, घोषवाक्यं लिहून घेतली, 5 जूनला पर्यावरण दिनाची फेरी काढली. फेरीत वाटलेल्या पाण्याच्या पाऊचची प्लास्टिकं दुसऱ्या दिवशी मीच झाडून काढली. मुलांना आयत आवडत होती, पाठ होती, अर्थही येत होता. ती आपल्या हाताबद्दल काही म्हणतेय, एवढंच पोहोचत नव्हतं. त्यानंतर मी क्रम उलटा केला. मूल रोज जे इबादत (उपासना) म्हणून करतंच, तिथून सुरुवात करायची आणि आयत मागाहून आणायची.

आता हे सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं चालेल असं नाही. तुमचा वर्ग मशिदीच्या आवारात असेल तर ट्रस्टी आणि इमामसाहेब यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बादली घेऊन वजूखान्यात बसलेली मुलं बघून कुणीतरी ओरडणारच. शाळेत हेच करायचं म्हणाल तर गोष्ट वेगळी. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्याला बसवता येत नाही; संविधानाचं 28वं कलम याबाबत स्पष्ट आहे. म्हणून मी शाळेत पाणी शिकवते ते परिसर अभ्यासाचं पुस्तक घेऊन, आणि मकतबमध्ये कुरआन घेऊन. दोन्हीकडची बादली एकच असते. वयाचंही बघा. नऊ वर्षांच्या मुलाला सूरहांची (कुरआनच्या अध्यायांची) नावं पुरतात: गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, हत्ती. मुंगी आपल्या सोबतिणींना सांगते, बिळात शिरा, सुलैमान आणि त्याचं लष्कर नकळत तुम्हाला चिरडेल, हे ऐकलं की पोरं आठवडाभर खाली बघून चालतात. बारा-तेराच्या मुलाला मात्र हिशेब लागतो.

तो हिशेब वजूतच आहे. बुखारीत, म्हणजे हदीसच्या सगळ्यांत मान्य संग्रहात, पैगंबरांचे साथी हजरत अनस यांची रिवायत (सांगितलेली नोंद) आहे की पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल (अंघोळ). चार मुद्दांचा एक साअ. मुद्द म्हणजे आजच्या मापात साधारण पाऊण लिटर. हनफी पंथाच्या हिशेबानं थोडं जास्त, लिटरच्या आसपास. मी मुलांना यातलं काहीच आधी सांगत नाही. नळाखाली बादली ठेवायची आणि एकाला म्हणायचं, कर बाबा तुझी रोजची वजू. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मागच्या वर्षी पाचवीतला एक मुलगा उठला, मोठ्या रुबाबात बाह्या सरसावल्या, नळ पूर्ण सोडला. मिस्वाकची (दातणाची) आठवण झाली म्हणून खिसे चाचपले, तोवर नळ चालूच. मसह करताना, म्हणजे ओला हात डोक्यावरून फिरवताना, जेव्हा नळाचं काहीच काम नसतं, तेव्हाही चालूच. पाय धुऊन तो उभा राहिला आणि बादली काठाला टेकली होती. कुणी काही बोललं नाही. त्यानं स्वतःच बादलीत वाकून पाहिलं.

मग एक लिटरची रिकामी बाटली घ्यायची, पाऊण भरायची, आणि म्हणायचं, आता एवढ्यात करून दाखवा. पहिल्या फेरीत हमखास पाय राहतात. दुसऱ्याचा डावा पाय राहतो. मुलं हसतात, भांडतात, “मी करतो, मी करतो” सुरू होतं. चौथा-पाचवा कुणीतरी शहाणा निघतो, तो बाटली मित्राच्या हातात देतो आणि स्वतः ओंजळ धरतो. घरी कुणाच्या आजोबांकडे तोटीचा जुना बधना (लोटा) असेल तर मागवून घ्या. त्याची धार बघितली की आधीची माणसं कमी पाण्यात कशी भागवत हे वेगळं सांगावं लागत नाही. कुणीतरी विचारतंच, “आपा, तीन-तीन वेळा धुणं सुन्नत आहे ना, मग कमी पाण्यात कसं?” तीनदा धुणं सुन्नत आहेच. पण तीनदा म्हणजे तीन ओंजळी, तीन मिनिटं नाही. तीनपेक्षा जास्त वेळा धुणाऱ्यानं हद्द ओलांडली, असंही हदीसमध्ये आलंय. एवढं झाल्यावर मी अल-आराफ सूरहमधली 31वी आयत काढते: खा, प्या, पण इस्राफ करू नका, अल्लाहला उधळे लोक आवडत नाहीत. तोवर ‘इस्राफ’चा अर्थ समोर बादलीत भरलेला असतो.

बादलीतल्या त्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न मुलंच काढतात आणि तो फार कामाचा आहे. वजूत वापरलेलं पाणी हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) ताहिर धरतात, पण मुतह्हिर धरत नाहीत. म्हणजे ते स्वतः पाक आहे, त्यानं पुन्हा वजू होणार नाही, झाडाला मात्र बेलाशक घालता येतं. आमच्याकडे कित्येक घरांत असं पाणी ‘जुठं’ समजून टाकून देत. मुलांनी घरी जाऊन हा मसला (नियम) सांगितला आणि दोन-तीन घरांतल्या तुळशी-गुलाबांच्या कुंड्यांना (हो, आमच्याकडच्या काही आयांकडे खोकल्यासाठी तुळस असते) रोजचं पाणी सुरू झालं. मशिदीत करायचं असेल तर वजूखान्याची मोरी संडासाच्या लाइनला जोडलेली नाही ना, हे प्लंबरकडून आधी तपासून घ्या. जोडलेली असेल तर हा नाद सोडा.

दुसरा माझा हुकमी धडा सूरह मुल्कचा. बऱ्याच घरांत रात्री झोपताना ती पढतात, म्हणजे मुलांच्या ती ओठावर असते. शेवटची, तिसावी आयत विचारा. अर्थ असा: सांगा बरं, तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं, तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल? अरबीत शब्द आहे ‘गौर’, खोल जाणं. मी आयत म्हणून घेते आणि विचारते, तुमच्या बिल्डिंगची बोअर किती फुटांवर आहे? कुणालाच ठाऊक नसतं. घरून विचारून यायला सांगते. पुढच्या वेळी वहीत आकडे येतात, कुणाचे अब्बा म्हणतात पूर्वी इतक्यावर लागायचं, आता खाली गेलं, कुणाचे मामा दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत काम करतात, त्यांच्याकडची बोअर एप्रिलमध्ये नुसती हवा फेकते. एका मुलीनं वहीत आकड्याखाली ‘गौर’ असं लिहून आणलं होतं. मी तिला तो शब्द लिहायला सांगितला नव्हता.

इथे गंगापूर धरण, मुकणे, दारणा यांची नावंही घ्या. आपल्या नळाला पाणी कुठून येतं हे नाशिकच्या मुलाला माहीत नसावं, ही मला आयत न येण्याइतकीच लाजेची गोष्ट वाटते.

तिसरी आयत फार कमी लोक या कामासाठी वापरतात आणि ती तर जणू निफाडसाठीच उतरलीय असं वाटावं. अल-अनआमची 141वी. तिची सुरुवातच अशी आहे की त्यानंच बागा निर्माण केल्या, ‘मारूशात’ आणि ‘गैर-मारूशात’. मारूशात म्हणजे मांडवावर चढवलेल्या. तफसीरकार (कुरआनचे भाष्यकार) इथे द्राक्षवेलींचं उदाहरण देतात. मांडव हा शब्द काढला की नाशिकच्या मुलाचा चेहरा खुलतो, त्यानं पिंपळगावच्या रस्त्याला ते शंभरदा पाहिलेले असतात. पुढे आयत म्हणते: फळ आलं की खा, तोडणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका आणि उधळपट्टी करू नका. हा हक्क म्हणजे उश्र. पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, कष्टानं पाणी ओढून दिलेल्या पिकाचा विसावा, अशी बुखारीची रिवायत आहे. मी विचारते, निम्मा का केला असेल? थोडा वेळ लागतो, मग कुणीतरी म्हणतं, “कारण त्यानं पाणी स्वतः ओढलं.” म्हणजे पाणी ओढण्याला किंमत आहे आणि शरीयतनं ती हिशेबात धरलीय. मला तर वाटतं, पर्यावरण हा शब्द एकदाही न उच्चारता हा धडा पूर्ण होतो.

आता माझी एक चूक सांगते, तुमची वाचावी म्हणून. वजूची सगळ्यांत प्रसिद्ध हदीस ती: हजरत साद वजू करत होते, पैगंबर (स.) म्हणाले हा काय इस्राफ, त्यांनी विचारलं वजूतही इस्राफ असतो का, उत्तर आलं, हो, तुम्ही वाहत्या नदीकाठी असलात तरी. मी ती वर्षानुवर्षं मोठ्या तोऱ्यात शिकवली. एकदा पालकांच्या बैठकीत एका मुलाचे चाचा उठले आणि शांतपणे म्हणाले, “आपा, ही इब्ने माजाची रिवायत आहे, तिची सनद बऱ्याच मुहद्दिसांनी जईफ ठरवलीय.” सनद म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची साखळी, आणि हदीसच्या जाणकारांनी, मुहद्दिसांनी, ती जईफ म्हणजे कमकुवत ठरवलेली. ते बरोबर होते. काहींनी तिला हसन (स्वीकारण्याजोगी) असंही म्हटलंय, पण मला तेव्हा यातलं काहीच सांगता आलं नाही, आणि मुलांसमोर माझी सगळी बादली उपडी झाली. तेव्हापासून मी पाया बुखारीच्या मुद्दवाल्या हदीसवर घालते. नदीची हदीसही सांगते, पण सनदीबद्दल मतभेद आहेत हे त्याच वाक्यात सांगून. तुमच्या तक्त्यावर ‘अन्नजाफतु मिनल ईमान’ (स्वच्छता हा ईमानचा, श्रद्धेचा भाग) असेल तर तेही उतरवा. या शब्दांत ती हदीस साबित नाही. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे ते ‘अत्तुहूरु शतरुल ईमान’, तहारत हा ईमानचा अर्धा हिस्सा. तिथे तहारत म्हणजे आधी इबादतीची पाकी. रस्ता झाडणं त्यात थेट येत नाही. रस्त्यासाठी वेगळी भक्कम हदीस आहेच: वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही ईमानची शाखा आहे. वेफर्सच्या पाकिटाला तीच लावा.

असाच हात राखून अर-रूमची 41वी आयत घ्या. माणसांच्या हातांनी कमावलं त्यामुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड पसरला, ही आयत हल्ली प्रत्येक पोस्टरवर असते, खाली समुद्रातल्या प्लास्टिकचा फोटो. जुन्या तफसीरकारांनी इथे दुष्काळ, पिकांची घट, बरकत जाणं, जुलूम आणि गुनाह यांचे अर्थ दिलेत. प्लास्टिकची भविष्यवाणी म्हणून ती शिकवली, तर हुशार मूल उद्या विचारेल की मग मोबाइलबद्दल कुठे लिहिलंय, आणि तुम्ही अडकाल. मी एवढंच सांगते की आयत एक कायदा सांगतेय: बिघाड आपोआप येत नाही, हात लागतात. गोदावरीवरच्या पाणवेलीला कोणाचे हात लागले, हे तुम्ही शोधा. आणि आयत पूर्ण वाचून घ्या. पुढे म्हटलंय की केल्याची थोडीशीच चव चाखवायची आहे, कदाचित ते परततील म्हणून. लोक हा अर्धा भाग गाळतात आणि मग मुलांना नुसती भीती शिकवतात. घाबरलेलं मूल नळ बंद करत नाही, तिथून पळून जातं.

झाडांचं थोडक्यात. कयामत आली आणि हातात रोप असेल तर ते लावून टाका, ही मुस्नद अहमदमधली हदीस मुलांना भयंकर आवडते. लावलेल्या झाडाचं फळ माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तर तो सदका (पुण्याचं दान), ही बुखारी-मुस्लिमची. दोन्ही सांगा, पण रोपं कमी आणा. आम्ही एका पावसाळ्यात कब्रस्तानात चाळीस लावली, फोटो काढले, पुढच्या मे महिन्यात पाच होती. आता पाचच लावतो, कडुनिंब आणि करंज, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ती नावं जूनमध्येच लिहून ठेवतो.

बकरी ईद टाळू नका. बरेच शिक्षक टाळतात, विषय नाजूक म्हणून. आमच्या गल्ल्या अरुंद, आणि ओझडी (जनावराचं पोट-आतडी) नाल्यात टाकायची सवय काही घरांना होती. अबू दाऊदच्या संग्रहात तीन लानतीच्या (शापाच्या) जागांची हदीस आहे: पाण्याची ठिकाणं, रस्त्याचा मध्य आणि सावली, इथे शौचाला बसू नका. ती शौचाबद्दल आहे, कुर्बानीच्या कचऱ्याबद्दल नाही. म्हणून मी आधी आमच्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कारण एकच आहे, लोकांना त्रास आणि पाण्याची घाण, तर हुकूमही तिथपर्यंत जातो. मग ईदच्या आधीच्या जुम्याला (शुक्रवारी) त्यांनीच ते बयानात (प्रवचनात) घेतलं. मुलांना काम दिलं एवढंच की आपल्या घराची पिशवी घट्ट बांधून घंटागाडीपर्यंत पोहोचली की नाही ते बघायचं. घरातल्या मोठ्यांना उपदेश करायचा नाही, ही अट मी घालते. बारा वर्षांचं पोर अब्बांना हदीस ऐकवायला लागलं की पुढच्या रविवारी ते वर्गाला येत नाही.

तुम्ही असंही विचारलंय की शेजारी गोदावरीची पूजा करतात, आपण मुलांना नदीबद्दल कोणत्या शब्दांत सांगायचं. नाशिकच्या मुसलमानाच्याही तोंडात ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच असतं, तिथे अडायचं कारण नाही. आपल्यासाठी नदी अमानत आहे. फिकहमध्ये ‘हक्के शफा’ आहे, म्हणजे वाहत्या पाण्यावर तहानेचा हक्क. तो प्रत्येक माणसाचा आहे, जनावराचाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी चामड्याच्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला माफी मिळाली, ही बुखारीची गोष्ट इथे सांगा. शेजाऱ्याला ती नदी आई आहे, मला ती सोपवलेली आहे; घाण टाकायची परवानगी दोघांनाही नाही. नंदूर मध्यमेश्वरला एकदा सहल काढा. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. दोन पंखांवर उडणारी पाखरं तुमच्यासारख्याच उम्मती (समुदाय) आहेत, ही अल-अनआमची 38वी आयत तिथे हिवाळ्यात, दुर्बीण हातात देऊन म्हणून घ्यावी.

याचा उपयोग खरंच होतो का, असा तुमचा शेवटून दुसरा प्रश्न. पूर्व आफ्रिकेत पेम्बाजवळ मिसाली नावाचं बेट आहे. तिथले मच्छीमार सुरुंग लावून मासे मारत. सरकारी मनाईनं जे जमलं नाही ते मशिदींमधून कुरआनच्या आधारानं समजावल्यावर पुष्कळसं जमलं, असं त्याबद्दल लिहिलं गेलंय. मला त्यात महत्त्वाचं हे दिसतं की आयत त्यांच्या स्वतःच्या जाळ्याबद्दल आणि स्वतःच्या माशांबद्दल होती. माझ्या वर्गात सगळी मुलं बदलत नाहीत. तीसमधली दहा-बारा बदलतात, काही घरी सांगतात, बाकीची माझ्यासमोर नळ हळू सोडतात आणि मी वळले की पूर्ण.

आणि परीक्षा कशी घ्यायची. लेखी घेऊ नका, आयत-क्रमांक जुळवा वगैरे तर मुळीच नको. मी सत्रात दोनदा, न सांगता, असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) वेळी बादली घेऊन वजूखान्यात जाते आणि ज्याचा नंबर लागेल त्याच्या नळाखाली ठेवते. पहिल्या वेळची पातळी खडूनं बाहेरून आखून ठेवायची, दुसऱ्या वेळी त्याच मुलाला त्याचीच रेघ दाखवायची, दुसऱ्याची नाही. बादली पांढरी किंवा पारदर्शक घ्या, काळ्या बादलीत मुलांना पाणी दिसत नाही. आणि तुमच्या वजूखान्यातला तिसरा की चौथा नळ बंद करूनही गळतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं वॉशर पहिल्या रविवारच्या आधी बदलून घ्या. आमच्याकडे ट्रस्टींना मुलांनी चिठ्ठी लिहिली होती, तरी दीड महिना लागला, आणि तेवढा वेळ प्रत्येक धड्याला कुणीतरी त्या नळाकडे बोट दाखवायचं.